फोटोंचा घरसंसार (लेखांक ८) : एक्स्पोर्ट अडतो कुठे?

गेल्या आठवड्यात फोटोंना कीवर्ड लावले, तारखेवार लावून ठेवले. आता ते बाहेर काढायचे. एरवी गुणी वाटणारं सॉफ्टवेअर रुसतं ते नेमकं इथे. कधी एक्स्पोर्ट अर्ध्यावर थांबतो, कधी बिनबोभाट पार पडतो पण फोटो लहान निघतात, कधी रंग उतरतात. तक्रारी निरनिराळ्या, पण बहुतेकींचं मूळ एकाच जागी सापडतं.

लाइटरूम क्लासिक किंवा डार्कटेबल मूळ फाइलला हात लावत नाही. तुम्ही फोटो कापता, उजेड वाढवता, तेव्हा त्याची फक्त नोंद होते; लाइटरूममध्ये कॅटलॉगमध्ये, डार्कटेबलमध्ये त्याच्या डेटाबेसमध्ये आणि फोटोशेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये. पडद्यावर दिसतो तो या नोंदींवरून बनवलेला प्रिव्ह्यू. सुधारलेली फाइल डिस्कवर पहिल्यांदा जन्माला येते ती एक्स्पोर्ट केल्यावर. तोवर मूळ फाइल जागेवर नसली तरी पडद्यावर सारं आलबेल दिसतं.

पिकासा वापरणाऱ्यांची फसगत यातूनच व्हायची. गूगलने ते २०१६ साली बंद केलं, पण घरोघरच्या जुन्या संगणकांवर अजून सापडतं. त्यात केलेले बदल ‘सेव्ह’ केले नाहीत, तर ते फोल्डरमधल्या एका लपवलेल्या आयएनआय फाइलमध्येच राहतात. मग फोटो पेनड्राइव्हवर कॉपी करून स्टुडिओत नेले की जुनेच, न कापलेले फोटो छापून येतात. दोष छापणाऱ्याचा नसतो. पिकासातून फोटो न्यायचे तर कॉपी-पेस्ट नको, एक्स्पोर्टच हवा.

लाइटरूममध्ये सगळ्यात जास्त दिसणारी अडचण म्हणजे हरवलेली मूळ फाइल. फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहेत, कॅटलॉग संगणकात आहे. काल डिस्क जोडली तेव्हा विंडोजने तिला ‘ई’ अक्षर दिलं होतं; आज आधी पेनड्राइव्ह लावला, म्हणून डिस्कला ‘एफ’ मिळालं. कॅटलॉग मात्र ‘ई’वरच शोधत बसतो. थंबनेलच्या कोपऱ्यात छोटं उद्गारचिन्ह आणि डावीकडच्या यादीत फोल्डरवर प्रश्नचिन्ह, ही त्याची खूण. अशा वेळी एकेक फोटो शोधून देत बसू नका. प्रश्नचिन्ह असलेल्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ निवडा आणि नवी जागा दाखवा. आतले सगळे फोटो एकदम जागेवर येतात. त्याहून बरं म्हणजे डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्कला मागचं एखादं अक्षर, समजा ‘पी’, कायमचं देऊन टाकायचं.

याची एक छुपी बहीणही आहे. स्मार्ट प्रिव्ह्यू बनवलेले असतील तर मूळ डिस्क नसतानाही लाइटरूम एक्स्पोर्ट करून देतं, पण त्या प्रिव्ह्यूची लांब बाजू जास्तीत जास्त २५६० पिक्सेलची असते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा ६००० पिक्सेल रुंद फोटो निम्म्याहून लहान होऊन बाहेर पडतो. मोबाइलवर ठीक दिसतो. अल्बमच्या पानावर मात्र पितळ उघडं पडतं.

मूळ फाइल जागेवर आहे, तरी एक्स्पोर्ट एकाच ठिकाणी अडतो? मग फाइल खराब असण्याचा संशय घ्यावा. कार्डावरून कॉपी करताना वायर हलली की असं होऊ शकतं. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेला छोटा जेपेगही असतो, तो शाबूत असला तर सुरुवातीला फोटो छान दिसतो. पूर्ण फाइल वाचायला घेतली की खालच्या भागात जांभळे-करडे पट्टे उमटतात. सॉफ्टवेअर दोषी फाइलचं नाव सांगत नसेल, तर निवड निम्मी करत जायची. लग्नाच्या ८०० फोटोंपैकी आधी ४०० एक्स्पोर्ट करा, अडेल त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. दहाएक फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. कार्ड पुसलं नसेल तर ती फाइल पुन्हा कॉपी करायची. म्हणून एक्स्पोर्ट होईपर्यंत कार्ड पुसू नये, असं माझं ठाम मत आहे.

एकही फोटो निघत नसेल, तर बहुधा फोटोंचा दोष नाही, ज्या फोल्डरमध्ये लिहायचं त्याचा आहे. विंडोज १० मध्ये २०१७ साली ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ आला. तो चालू असला तर अनोळखी प्रोग्रॅमला पिक्चर्स किंवा डॉक्युमेंट्समध्ये लिहू देत नाही. डी ड्राइव्हवर नवं फोल्डर करून एकच फोटो तिथे काढून पाहा. निघाला, तर विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली त्या प्रोग्रॅमला परवानगी द्या.

आता रंग. हळदीचा पिवळा, शालूचा लाल पडद्यावर झगझगीत, आणि पाठवलेल्या फोटोत मात्र धुतल्यासारखा. बहुतेकदा एक्स्पोर्टमध्ये कलर स्पेस ‘प्रोफोटो आरजीबी’ किंवा ‘अडोबी आरजीबी’ राहून गेलेली असते. हे रंगपट रुंद असतात; सोबतचं प्रोफाइल न वाचणारं ॲप तेच आकडे एसआरजीबीचे समजून दाखवतं आणि रंग फिके पडतात. एसआरजीबी हा १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने सुचवलेला पट सगळीकडे चालतो. लॅबने स्वतःहून दुसरं काही मागितलं नाही, तर डोळे झाकून तोच ठेवा.

आकाराबाबत दोन गोष्टी. मागे फेसबुकसाठी लांब बाजू २०४८ ठेवली असेल, तर तीच सेटिंग पुढच्या एक्स्पोर्टलाही चिकटून राहते. १२ बाय १८ इंची छपाईला ३०० पीपीआयने ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात; २०४८मध्ये इंचाला जेमतेम ११४ येतात. पिक्सेल आधीच ठरलेले असतील तर रेझोल्यूशनच्या चौकटीत २४०चे ३०० केल्याने त्यात एकाचीही भर पडत नाही, हे अनुभवी छायाचित्रकारही विसरतात. दुसरी गोष्ट भरतीचे अर्ज भरणाऱ्यांसाठी. बँक परीक्षांना २०० बाय २३० पिक्सेलचा, २० ते ५० केबीचा फोटो लागतो. नुसती केबीची मर्यादा घातली तर लाइटरूम पिक्सेल कमी करत नाही, फक्त दर्जा खाली आणत जातं, आणि नाहीच बसलं तर फाइल देत नाही. आधी पिक्सेल ठरवा, मग केबी.

तारखांचा घोळ मात्र सोपा आहे. मेटाडेटात ‘कॉपीराइट ओन्ली’ निवडलं की फोटो काढल्याची तारीखही गळते, आणि गूगल फोटोजमध्ये २०१२ची मुंज आजच्या तारखेला जाऊन बसते. घरच्यांसाठी काढताना पूर्ण मेटाडेटा ठेवा, फक्त ‘रिमूव्ह लोकेशन इन्फो’वर टिक करा.

पुढच्या आठवड्यात : कॅटलॉगचा बॅकअप.