गिरणी चालते, गाडी धावते

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ असलेले क्रियापद म्हणून आज ‘रन’चे नाव घेतले जाते. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत हा मान ‘सेट’कडे होता. त्याच्या सुमारे ४३० अर्थच्छटा तिथे नोंदवलेल्या होत्या. पुढे कोशाची फेररचना सुरू असताना, क्रियापद म्हणून ‘रन’चे अर्थ ६४५ वर गेल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. या एका शब्दावर संपादक पीटर गिलिव्हर यांचे नऊ महिने गेले. असा शब्द फ्रेंचमध्ये नेताना त्याला एकच प्रतिशब्द मिळत नाही. तो मराठीतही मिळत नाही, आणि मराठी व फ्रेंच या शब्दाची वाटणी कशी करतात ते शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे.

जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या मुळाशी धावणे आणि वाहणे असे दोन अर्थ होते. माणूस धावे, पाणी वाहे. यंत्रयुग आले तेव्हा चाके, पट्टे आणि चाती यांच्या अखंड गतीलाही इंग्रजीने तोच शब्द लावला. मग यंत्राचा मालकही ‘रन’ करू लागला, दुकानदारही, आणि शेवटी संस्थेचा चिटणीसही.

मुंबईत आगगाडी आणि कापडगिरणी ही दोन्ही नवलाईची यंत्रे तीन वर्षांच्या अंतराने सुरू झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापलेल्या कंपनीची ताडदेवची कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. इंग्रजीच्या दृष्टीने दोन्ही ‘रन’च करत होत्या. मराठीत मात्र गाडी धावू लागली आणि गिरणी चालू लागली. जागा सोडून वेगाने जाते ते धावते. जागेवर राहून आपले काम करत राहते ते चालते. हा काटेकोर नियम नव्हे, कारण गाडीही ‘चालते’. पण ‘गिरणी धावते’ असे लालबाग-परळमध्ये कोणी म्हटले नाही.

फ्रेंचमध्येही इथेच फाटा फुटतो. माणूस धावतो तेव्हा ‘कुरीर’. आगगाडी किंवा बस ठरल्या मार्गावर ये-जा करते तेव्हा ‘सिर्क्युले’. कारखाना सुरू असतो तेव्हा ‘तुर्ने’, म्हणजे शब्दशः गोल फिरणे. आणि यंत्र काम देत असते तेव्हा ‘मार्शे’. या शेवटच्या शब्दाचा रोजचा अर्थ आहे पायी चालणे. इंग्रजीचे यंत्र धावते. फ्रेंच आणि मराठी यंत्रे चालतात.

हे साम्य इथेच थांबत नाही. एखादा बेत मान्य आहे का असे विचारल्यावर पॅरिसचा माणूस ‘सा मार्श’ म्हणतो, आणि गिरगावातला माणूस ‘चालेल’ म्हणतो. दोन्ही वाक्यांत पायी चालण्याचेच क्रियापद आहे. एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या दोन भाषांनी ‘पाऊल पुढे पडणे’ या अनुभवातून ‘काम होणे’ आणि त्यातून ‘हरकत नसणे’ असा एकच रस्ता काढावा, हे भाषाशास्त्रातले एक सुंदर दृश्य आहे.

मात्र साम्याच्या भरवशावर फार पुढे जाता येत नाही. ‘असले वागणे इथे चालणार नाही’ या मराठी वाक्यात मनाई आहे. फ्रेंचमध्ये ‘मार्शे’चा नकार बहुधा ‘काम देत नाही, जमत नाही’ एवढेच सांगतो. ‘चालवून घेणे’ यातला सोसण्याचा भाव त्या शब्दात मुळीच नाही. उलट ‘फेर मार्शे’, म्हणजे चालायला लावणे, हे यंत्राबद्दल म्हटले तर सरळ अर्थ होतो. माणसाबद्दल म्हटले की त्याची थट्टा करून त्याला फसवणे असा अर्थ होतो.

यंत्र आपले आपण चालते आणि कोणीतरी ते चालवतो, या दोन्हींसाठी इंग्रजीत एकच रूप वापरतात. मराठीत ‘चालणे’चे ‘चालवणे’ होते; एका प्रत्ययात काम भागते. फ्रेंचला त्यासाठी ‘फेर’ हे दुसरे क्रियापद जोडावे लागते किंवा शब्दच बदलावा लागतो. गिरणगावातले उदाहरण घेतले तर हे नीट दिसते. मालक गिरणी चालवत असे, आणि साचाखात्यातला कामगार दोन किंवा चार साचे, म्हणजे माग, चालवत असे. इंग्रजीत दोन्हीकडे ‘रन’, मराठीत दोन्हीकडे ‘चालवणे’. फ्रेंचमध्ये गिरणीसाठी ‘दिरिजे’, म्हणजे कारभार पाहणे, आणि मागासाठी ‘काँद्युईर’, म्हणजे हाकणे. इथे फ्रेंच मराठीपेक्षा जास्त काटेकोर आहे. कोणाच्या हाती काय आहे, हे तिचे क्रियापदच सांगते. एखाद्या वाडीच्या तोंडावरचे किराणा दुकान चालवायचे असेल तर आणखी तिसरे क्रियापद लागते, ‘तनीर’, म्हणजे धरून ठेवणे.

बाकीचे अर्थ भराभर पाहता येतात. नळ किंवा नाक वाहते तिथे ‘कुले’. लालबागच्या भारतमाताला सिनेमा अमुक आठवडे चालला, तिथे फ्रेंच म्हणते की तो तितके आठवडे पोस्टरवर राहिला. निवडणुकीत अमेरिकन उमेदवार ‘धावतो’, ब्रिटिश उमेदवार मराठी उमेदवारासारखा ‘उभा राहतो’, आणि फ्रेंच उमेदवार ‘स्वतःला सादर करतो’. धोका पत्करण्याच्या बाबतीत मात्र फ्रेंच इंग्रजीबरोबर जाते: दोन्ही भाषांत धोका ‘धावावा’ लागतो.

शब्दांपेक्षा खोल फरक वाक्याच्या घडणीत आहे. दादरला कोणी धावत रस्ता ओलांडला, तर इंग्रजी ‘धावणे’ मुख्य क्रियापदात ठेवते आणि ‘पलीकडे’ हा भाग एका छोट्या शब्दावर सोपवते. फ्रेंचमध्ये मुख्य क्रियापद ‘ओलांडणे’चे असते आणि धावणे मागे जोडले जाते: ‘त्राव्हेर्से आँ कुराँ’. मराठीची रचना अगदी हीच आहे. ‘धावत’ हे कृदंत, ‘ओलांडला’ हे क्रियापद. झाँ-पोल विने आणि झाँ दार्बेलने यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात इंग्रजी-फ्रेंचमधल्या या अदलाबदलीचे विवेचन केले. पुढे लेनर्ड टॅल्मी यांनी जगभरच्या भाषांची या कसोटीवर विभागणी केली: काही भाषा गतीची दिशा क्रियापदात ठेवतात, काही क्रियापदाबाहेर. फ्रेंच शिकणाऱ्या मराठी माणसाने हे वाक्य आधी मनात इंग्रजीत केले, तर त्याला एक अवघड उलटापालट करावी लागते. मराठीतून थेट गेले तर ती करावीच लागत नाही.

‘रन’सारख्या अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ ओळखायचा तो सोबतच्या शब्दांवरून. मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला आणि टॉमस कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये मुंबईत छापला गेला. त्यातही अनेकार्थी शब्दांचे अर्थ क्रमांक देऊन वेगळे केलेले आहेत, आणि मराठी प्रतिशब्द त्या त्या अर्थापुढे आहेत. संगणकालाही सोबतच्या शब्दांचाच मार्ग घ्यावा लागला. कॅनडाच्या संसदेचे कामकाज इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध होते. तो मजकूर शेजारीशेजारी ठेवून आयबीएमच्या संशोधकांनी भाषांतराची संख्याशास्त्रीय पद्धत उभी केली. १९९१ मधल्या त्यांच्या एका निबंधात ‘प्राँद्र’ म्हणजे ‘घेणे’ या फ्रेंच क्रियापदाचे उदाहरण आहे. पुढचे कर्म ‘गाडी’ असेल तर इंग्रजीत ‘टेक’, ‘निर्णय’ असेल तर ‘मेक’. एका नामावरून क्रियापदाचे भाषांतर ठरते. मराठीत निर्णय फ्रेंचसारखाच ‘घेतात’, पण गाडी ‘घेतली’ म्हटले की ती विकत घेतली असा अर्थ होतो. तिथे ‘गाडी घेऊन गेला’ असेच म्हणावे लागते. पवईच्या आयआयटीत तयार झालेल्या ‘शब्दबंध’ या मराठी वर्डनेटमध्ये ‘चालणे’सारख्या शब्दाचा प्रत्येक अर्थ वेगळ्या समानार्थी गटात बसवला आहे, तो याच कारणाने.

कोश हाताशी असेल तर पडताळा उलट्या बाजूने घेता येतो. इंग्रजी-फ्रेंच कोशात ‘रन’पुढे पहिला शब्द ‘कुरीर’ येतो. त्याच कोशाच्या फ्रेंच बाजूला ‘कुरीर’ काढून पाहिले, की तिथे धावणारी माणसे, घोडे आणि अफवा भेटतात. वाहता नळ तिथे नसतो. तो ‘कुले’खाली असतो, नदी, मेण आणि नाकाबरोबर.