टाच आधी स्वाराची होती

पुरुषाच्या पायात उंच टाचेचा बूट दिसला की त्याला ‘बायकी’ म्हणून मोकळं होण्याची आपल्याकडे रीत आहे. बंगळूरजवळच्या होसकोटेत ही कुजबुज कन्नड, तेलुगू, उर्दू आणि मराठी अशा चारही भाषांत चालते. इथून जुन्या मद्रास रस्त्याने व्हाइटफील्डकडे कामाला जाणाऱ्या काही तरुणांच्या पायात दीड-दोन इंच टाचेचे बूट असतात. लग्नात शेरवानीखालीही ते दिसतात. कुजबुजणाऱ्यांना त्यात गंमत वाटते, पण एखाद्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला ती फार लागते. म्हणून या कुजबुजीमागचे गैरसमज एकदा नीट तपासून पाहायला हवेत.

‘उंच टाच मुळात बायकांची. पुरुषांनी ती आता उचलली.’

घडलं याच्या उलट. टाचेचा उगम घोड्याच्या पाठीवर आहे. स्वाराचा पाय रिकिबीत असतो आणि टाच तिच्या मागे अडते, त्यामुळे पाऊल आरपार निसटत नाही. इराणी स्वार रिकिबीत उभे राहून बाण सोडत, तेव्हा या टाचेने त्यांना पाय रोवायला आधार मिळे.

रिकिबीत तोल राखणं म्हणजे काय, हे होसकोटेच्या मातीला सांगायला नको. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर जिंकलं आणि पुढे बंगळूर, होसकोटे, कोलार हा मुलूख शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आला. त्यांच्याबरोबर आलेल्या मराठी घराण्यांचे वंशज अजूनही बंगळूरच्या परिसरात नांदतात. शहाजीराजांचं सारं आयुष्य घोड्यावर गेलं आणि शेवटही तसाच झाला. जानेवारी 1664 मध्ये होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून ते गेले. घोडा उधळला, स्वार पडला आणि त्याचं पाऊल रिकिबीत अडकून राहिलं, तर जनावर त्याला फरफटत नेतं. बुटाची टाच हा या संकटावरचा एक साधा उपाय होता. अमेरिकेतल्या गुराख्यांच्या बुटांना आजही टाच असते, ती याच कारणासाठी.

1599 मध्ये इराणच्या शाह अब्बासने आपले वकील युरोपात पाठवले. त्या सुमारास तिकडच्या उमरावांना इराणी वस्तूंचं वेड लागलं आणि टाच घोड्यावरून उतरून दरबारात आली. चिखलात चालायला ती गैरसोयीची होती, पण ज्याला चिखलात चालावं लागत नाही अशा माणसाची ती खूण ठरली. शहाजीराजांना जहागीर मिळाली त्या काळात, 1638 मध्येच, फ्रान्सचा चौदावा लुई जन्मला. त्याच्या दरबारात लाल टाच हा मानाचा पेहराव होता. हियासिंत रिगो याने 1701 मध्ये रंगवलेल्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात साठी उलटलेला हा राजा पांढरे मोजे आणि लाल टाचांचे जोडे घालून उभा आहे. त्या काळी त्यात कुणाला बायकी काही दिसलं नाही. तो मर्दानी रुबाबच होता.

बायकांनी टाच घेतली ती पुरुषांकडून. सतराव्या शतकात युरोपात पुरुषी थाटाचे कपडे आणि टोप्या वापरण्याची त्यांच्यात टूम निघाली होती, तिच्यात टाचही आली. अठराव्या शतकात पुरुषांचा पोशाख साधा होत गेला, नटणं-मुरडणं बायकांच्या वाट्याला टाकलं गेलं आणि पुरुषांनी टाच सोडली. आज जो ‘निसर्गनियम’ म्हणून सांगितला जातो, त्याचं वय जेमतेम तीनशे वर्षं आहे. टोरांटोच्या बाटा शू म्युझियमने 2015 मध्ये पुरुषांच्या टाचांच्या इतिहासावर स्वतंत्र प्रदर्शन भरवलं होतं.

‘हे आपल्याकडचं नाही, नवं फॅड आहे.’

लाकडी खडावा आठवून पाहा. खाली दोन खुंट, वर अंगठा आणि बोट यांत धरायची गुंडी, आणि जमिनीपासून चांगलं उंचावर राहणारं पाऊल. साधू आणि संन्यासी शतकानुशतकं त्या घालून चालत आले. कोल्हापुरी वहाणेलाही टाचेखाली चामड्याचे थर देतातच. 1970 च्या दशकात बेलबॉटमखाली जाड तळाचे उंच बूट घालणारे आपलेच काका-मामा होते. घरातला जुना अल्बम काढला की ते सापडतील. त्याआधी बीटल्सच्या चौघांनी उंच टाचेचे घट्ट बूट जगभर लोकप्रिय केले होते.

नवं आहे ते एवढंच की निमुळती, स्पष्टपणे ‘लेडीज’ मानली गेलेली टाचही आता पुरुषांच्या पायात दिसते. फ्रेंच नर्तक यानिस मार्शल 2014 मध्ये ब्रिटनच्या टीव्हीवरच्या एका स्पर्धेत तसे जोडे घालून नाचला आणि अंतिम फेरीपर्यंत गेला. टाचांवरचा हा नाच बंगळूर, मुंबई, पुण्यातले मुलगे आता शिकतात. स्वीकार वाढतो आहे हे खरं, पण तो रंगमंचावर आणि छायाचित्रांत जितका दिसतो तितका बसथांब्यावर अजून दिसत नाही.

‘असे जोडे घालणारा समलिंगीच असणार.’

बुटावरून कुणाचं मन कुठे जडतं हे कळत नाही. समलिंगी पुरुष साधे सपाट जोडे घालतात आणि टाचांचे बूट घालून मांडवात उभा राहणारा नवरदेव नवरीशी लग्न करतो. आणि कुणी समलिंगी असलाच, तर त्यात टोमणा मारण्यासारखं काय आहे? पेहरावाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलच्या 15 एप्रिल 2014 च्या ‘नालसा’ निकालात स्पष्ट म्हटलं आहे, की आपलं रूप आणि कपडे निवडणं हा राज्यघटनेच्या कलम 19 मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. कारखान्यात सुरक्षेचे बूट घालण्याचा नियम पाळावाच लागतो, पण तो नियम धोक्यासाठी असतो, पुरुषपणासाठी नव्हे.

‘पुरुषाच्या शरीराला टाच झेपत नाही.’

वेटलिफ्टिंग करणाऱ्यांच्या बुटांना सुमारे दोन सेंटिमीटर उंच, कडक टाच असते. तिच्यामुळे खोल बैठक घेताना घोट्याला मोकळीक मिळते. फ्लेमेंको नाचणारे पुरुष टाचांनीच ताल धरतात.

अपाय होतो तो उंचीने आणि तासन्‌तास वापरल्याने, आणि तिथे देह बाईचा की पुरुषाचा हा प्रश्न नाही. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वर्षानुवर्षं उंच टाचा वापरणाऱ्या स्त्रियांच्या पोटरीतले स्नायुतंतू आखूड आणि टाचेमागची शीर अधिक ताठ झालेली आढळली. सपाट चपलेत आल्यावर पोटरी ओढल्यासारखी होते, ती यामुळे. उंची वाढते तसा शरीराचा भार चवड्यांवर सरकतो. ही किंमत बायका कित्येक पिढ्या मुकाट मोजत आल्या आणि तिची चर्चा फार कमी झाली, हे मला टोचतं.

त्यामुळे ज्याला घालायचे आहेत त्याने दीड इंचाच्या रुंद, चौकोनी टाचेपासून सुरुवात करावी, माप संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असताना घ्यावं आणि बोटं दाबणारा जोडा दुकानातच ठेवून यावं. अडचण दुकानातच येते. बायकांच्या फळीवरची मापं सहसा सात-आठला संपतात आणि त्यांचे साचे अरुंद असतात, तर पुरुषांच्या फळीवर टाच कमी मिळते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एक लाखाहून अधिक भारतीयांचे पाय मोजले, तेव्हा ते युरोपीय पायांपेक्षा रुंद निघाले. त्यावरून ‘भा’ नावाची देशी मापपद्धत सुचवली गेली आहे. ती दुकानांत रुळेपर्यंत नाचणारी मुलं आपले जोडे मापं देऊन शिवून घेतात.