अंगावरून वारं जातं म्हणजे काय?

लकवा मारला की आपल्याकडे 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात आणि तेल चोळत बसतात. वारं कसलं! मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबते किंवा फुटते. गडचिरोलीच्या 86 गावांतील पाहणी 2015 साली प्रसिद्ध झाली. आजाराने गेलेल्या दर सात माणसांत एक याच झटक्याने गेला, बहुतेक घरीच. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, पण आधी सीटी स्कॅन हवा. रक्तस्राव असला तर तेच इंजेक्शन जिवावर बेतते. तेव्हा शिरड शहापूरकरांनो, तोंड वाकडे, हात लुळा, जीभ जड दिसताच 108 ला फोन करा आणि स्कॅन होईल अशाच रुग्णालयात, नांदेडला का होईना, न्या. रोग्याच्या तोंडात पाणी, गोळी घालू नका. झटका किती वाजता आला ते चिठ्ठीवर लिहून घ्या; डॉक्टर आधी तेच विचारतात.