पात्राचे नाव कोणी ठेवले?

प्रस्तावना

कथा लिहायला बसल्यावर पहिली अडचण बहुधा नावाची येते. शूर नायकाला ‘विक्रम’, सोशिक नायिकेला ‘क्षमा’ असे नाव देऊन आपण मोकळे होतो. पण मग पात्र कसे आहे हे पहिल्याच ओळीत सांगून झालेले असते आणि वाचकाला शोधायला काही उरत नाही. या पाठात एक सूत्र लक्षात घेऊ : माणूस आपले नाव आयुष्यभर वापरतो, पण ते ठेवलेले असते दुसऱ्या कोणीतरी. म्हणून नाव निवडण्यापूर्वी ते कोणी, कधी आणि का ठेवले, हे लेखकाने ठरवावे.

१. गुण सांगणारी नावे

गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ (१८९९) या नाटकात पैशासाठी मुलीचे लग्न म्हाताऱ्याशी ठरवणारा बाप आहे कांचनभट. कांचन म्हणजे सोने. नवरदेव भुजंगनाथ, भुजंग म्हणजे साप. या लग्नाला विरोध करणारा तरुण कोदंड. कोदंड म्हणजे धनुष्य. बाला-जरठ विवाहावर टीका करणाऱ्या नाटकात प्रेक्षकाला बाजू चटकन कळावी, म्हणून ही नावे शोभतात. मात्र ती नाटककाराने ठेवली आहेत हे उघड दिसते.

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’मध्ये (रंगभूमीवर १९१९) दोन्ही तऱ्हा एकत्र सापडतात. तळीराम हे नाव त्या पात्राला इतके चिकटले, की आज मराठीत कोणत्याही दारुड्याला ‘तळीराम’ म्हणतात. नायकाचे नाव मात्र सुधाकर, म्हणजे चंद्र. त्यातला ‘सुधा’ हा शब्द अमृताचा आहे. असे नाव कोणतेही आईबाप आशेने ठेवतील. त्याच सुधाकराच्या हाती मद्याचा प्याला येतो, तेव्हा नाव आणि नशीब यांतले अंतर न सांगता जाणवते. वास्तववादी कथेत दुसरी तऱ्हा अधिक उपयोगी पडते.

२. दृष्ट लागू नये म्हणून

दगडू, धोंडू, कचरू, केरू ही नावे तुम्ही ऐकली असतील. आधीची मुले दगावली असतील, तर पुढच्या बाळाला मुद्दाम ओबडधोबड नाव ठेवत. अशा पोराकडे ना कोणाची नजर जाईल ना मृत्यूची, ही समजूत त्यामागे होती. राजस्थानातील घासीराम, कजोडमल यांसारखी नावेही याच समजुतीतली मानली जातात. म्हणजे तुमच्या कथेतला दगडू दगडाच्या काळजाचा असण्याची गरज नाही. त्याचे नाव त्याच्या आईची भीती सांगते आणि त्याच्याआधी गेलेल्या भावंडांची आठवण ठेवते.

या नावांना दुसरी बाजूही आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव तिरस्कार दाखवणारे असावे, असे सांगितले आहे. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनात लेखक स्वतःच्याच ‘दगडू मारुती पवार’ या रूपाशी बोलतो. ते कादंबरीतले पात्र नव्हे, पण नावाचे ओझे काय असते हे समजण्यासाठी ते पुस्तक वाचायलाच हवे. तेव्हा एकच नाव एका घरात मायेपोटी येते आणि दुसऱ्या घरात लादलेले असते. केवळ हसू यावे म्हणून असे नाव वापरले, तर आपणही त्या लादण्यात सामील होतो.

३. हाक कोण मारतो?

नाव एकदा ठेवले की संपत नाही. अनेक मराठी घरांत लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचे नवे नाव लिहीत. अशा नायिकेला माहेरी एक हाक असते आणि सासरी दुसरी. कथेत तिला कोण कोणत्या नावाने बोलावते, यावरून नाती कळतात. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अंतू बर्वा’मध्ये ‘बर्वे’ या आडनावाचे ‘बर्वा’ झाले आहे. एवढ्या फरकाने रत्नागिरीची बोली कानावर येते.

४. एक उदाहरण

समजा, तुमची कथा जयपूरच्या झोटवाड्यात, तिथल्या औद्योगिक वसाहतीत घडते. एका कारखान्यात नाशिकहून बदलून आलेला मराठी फोरमन आहे आणि त्याच्या हाताखाली घासीराम नावाचा कामगार. मराठी वाचकाला लगेच विजय तेंडुलकर यांच्या ‘घाशीराम कोतवाल’मधला (१९७२) जुलमी कोतवाल आठवेल. फोरमनलाही आठवेल आणि तो या माणसाकडे थोडे संशयाने पाहील. झोटवाड्यात मात्र ते शेजारच्या कोणाचेही साधे नाव आहे. पुढे एके दिवशी घासीराम सांगतो, की त्याच्याआधीची तीन भावंडे वाचली नाहीत, म्हणून आजीने हे नाव ठेवले. तेव्हा फोरमनला आपल्या आजोबांचे नाव धोंडू का होते, हे पहिल्यांदा उमगते. इथे नावानेच कथेला वळण दिले.

सारांश

नावाचा शब्दकोशातला अर्थ हा त्याचा एक भाग असतो. ठेवणाऱ्याची आशा किंवा भीती, त्या घराची जात, प्रदेश, काळ आणि हाक मारणाऱ्याचा सूर हे सारे मिळून नाव अर्थपूर्ण होते.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला तिचे नाव कोणी व का ठेवले, ते विचारून दहा ओळींत लिहा.

२. एकाच पात्राला आई, मालक आणि मित्र कोणकोणत्या नावांनी हाक मारतील, ते दाखवणारा छोटा संवाद लिहा.