उन्हाचा हिशेब – लेखांक ६ : बिल शून्य झालं, कोळसा झाला का?

गेल्या आठवड्यात आपण नेट मीटरचं बिल ओळीओळीनं वाचलं. आयात युनिट किती, निर्यात किती, शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात कशी ओढली जातात आणि ३१ मार्चला उरलेल्या युनिटचं काय होतं, हे पाहिलं. ज्यांच्या गच्चीवर सोलर बसून वर्ष झालं आहे, ते हमखास एक गोष्ट अभिमानानं सांगतात: आता फक्त स्थिर आकाराचं बिल येतं, आमचं घर पूर्ण उन्हावर चालतं. यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसरं बरोबर नाही, आणि ते का नाही हे समजून घेतलं तर गच्चीवरच्या त्याच पॅनेलांकडून पर्यावरणाचं काम कितीतरी जास्त करून घेता येतं.

तीन किलोवॉटची यंत्रणा घेऊ. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटला कमाल ७८,००० रुपये अनुदान मिळत असल्यामुळे बहुतेक घरं याच आकड्यावर येऊन थांबतात. महाराष्ट्रात वर्षाची सरासरी काढली तर एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतो. म्हणजे तीन किलोवॉटचे बारा. जुलै-ऑगस्टमध्ये हा आकडा बराच खाली येतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये वर जातो. या बारा युनिटांचा मोठा भाग सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात तयार होतो. त्या वेळी घरात काय चालू असतं? फ्रिज, एखादा पंखा, वायफायचा डबा. मोठी माणसं कामावर, मुलं शाळा-कॉलेजात. समजा घरानं तीन युनिट वापरली, तर नऊ युनिट मीटरमधून बाहेर गेली. संध्याकाळी सात वाजता घर जागं होतं. दिवे, टीव्ही, मिक्सर, वॉशिंग मशीन, उन्हाळ्यात रात्रभर एसी, आणि पहाटे गीझर. दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत नऊ युनिट परत आत आलेली असतात. वजाबाकी शून्य.

ही वजाबाकी कागदावरची आहे. दुपारी बाहेर गेलेली नऊ युनिट कुठेही तुमची वाट पाहत थांबलेली नव्हती. ती त्याच क्षणी तुमच्याच डीपीवरच्या शेजाऱ्याच्या फ्रिजमध्ये, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत, दवाखान्याच्या एसीत खर्च झाली. यात वाईट काहीच नाही. उलट ही फार चांगली गोष्ट आहे, कारण वीज जिथे तयार झाली तिथेच वापरली गेली आणि तारांमधली गळती वाचली. पण संध्याकाळी जी नऊ युनिट आली, ती उन्हाची नव्हती. ती चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ इथल्या बॉयलरमधून आली, काही कोयनेच्या पाण्यातून. कोयनेचं पाणी हवं तेवढं वापरता येत नाही, कारण कृष्णा लवादानं वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणून कोयना संध्याकाळच्या ऐन मागणीसाठी राखून वापरावी लागते आणि रात्रीचा मुख्य भार कोळशावर राहतो.

हे थोडं खोलात पाहू, कारण इथेच खरी गाठ आहे. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं. तिथला संच दुपारी बंद करून संध्याकाळी परत चालू करणं शक्य नसतं. थंड पडलेला बॉयलर पुन्हा तापवायला कित्येक तास लागतात, त्यासाठी वेगळं तेल जाळावं लागतं आणि धातूच्या नळ्यांवर ताण येतो. त्यामुळे दुपारी गरज कमी असली तरी संच मंद आचेवर चालूच ठेवतात. आपल्याकडे नियमानुसार कोळशाचे संच क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणता आले पाहिजेत. त्याच्याखाली जाणं बहुतेक संचांना आज जमत नाही. आता गच्च्यांवर आणि माळरानांवर सोलर वाढत गेलं की दुपारी काय होईल? एका बाजूला ऊन भरपूर, दुसऱ्या बाजूला ५५ टक्क्यांवर अडून बसलेला कोळसा, आणि मागणी मात्र तेवढीच. अशा वेळी सोलर प्रकल्पांनाच उत्पादन कमी करायला सांगावं लागतं. म्हणजे सूर्य डोक्यावर असताना पॅनेल रिकामी ठेवायची आणि संध्याकाळी त्याच मागणीसाठी कोळसा टाकायचा. मला वाटतं, पुढच्या दहा वर्षांतला वीजक्षेत्रातला सगळ्यात मोठा प्रश्न हाच असणार आहे.

मग गच्चीवरच्या सोलरचा उपयोग नाही का? आहे, आणि तो मोजता येतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबानुसार आपल्या ग्रीडमधल्या एका युनिटमागे सरासरी साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तीन किलोवॉटची वर्षाची सुमारे ४,३०० युनिट धरली तर वर्षाला तीन टन. पॅनेल तयार करायला जेवढी ऊर्जा लागते, ती पॅनेल पहिल्या एक-दोन वर्षांत परत देतं आणि त्यानंतर वीस-बावीस वर्षं चालतं.

कार्बनबद्दल खूप लिहिलं जातं. पाण्याबद्दल मात्र फार कमी, आणि महाराष्ट्रात तरी ते आधी लिहायला हवं. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं २०१५ साली जुन्या औष्णिक केंद्रांना दर मेगावॉट-तासामागे ३.५ घनमीटर पाण्याची कमाल मर्यादा घालून दिली. घरच्या भाषेत, एका युनिटमागे साडेतीन लिटर. एवढी मर्यादा घालावी लागली, यावरूनच आधी किती वापर होत असेल याची कल्पना येते. या हिशेबानं ४,३०० युनिटांमागे पंधरा हजार लिटर पाणी. मराठवाड्यात या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. २०१५च्या दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. आणि कोळसा जळाल्यावर राख उरते ती वेगळीच. जुलै २०२२मध्ये नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा पावसात फुटला आणि ती राख शेतात, ओढ्यांत गेली. शहरातला दिवा लागतो तेव्हा त्याची किंमत अशा गावांनी मोजलेली असते.

म्हणूनच माझं म्हणणं असं की सोलर बसवणं हा अर्धा रस्ता आहे. उरलेला अर्धा म्हणजे विजेचा वापर उन्हाच्या वेळेत आणणं.

राज्यात याचं सगळ्यात मोठं काम शेतीत चालू आहे. वर्षानुवर्षं शेतीपंपांना आलटूनपालटून रात्रीची वीज मिळत आली. पिकाला पाणी द्यायला शेतकरी मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावर जातो. साप, विंचू, आणि जुन्नर-आंबेगावसारख्या भागात बिबट्या. दिवसा वीज द्या ही मागणी त्यातून आली. २०१७मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, राळेगणसिद्धीपासून तिची सुरुवात झाली, आणि २०२३मध्ये तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला. कल्पना साधी आहे. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सोलर प्रकल्प, त्याची वीज शेतीच्या फीडरवर, आणि पंप दिवसा. पाणी रात्री उपसलं काय, दुपारी उपसलं काय, पिकाला सारखंच. शेतकऱ्याच्या जिवाला मात्र ते सारखं नाही. पर्यावरण आणि माणूस दोघांचं भलं एकाच निर्णयानं होण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

घरातही असा भार आहे, जो वेळेला बांधलेला नाही. सगळ्यात मोठा म्हणजे सोसायटीची पाण्याची मोटर. महापालिकेचं पाणी सकाळी जमिनीखालच्या टाकीत येतं आणि वॉचमन लगेच ते गच्चीवर चढवतो. साडेसात अश्वशक्तीची मोटर दोन तास चालली की अकराएक युनिट जातात. वरची टाकी पुरेशी मोठी असेल तर हेच काम बारा ते दोनमध्ये होऊ शकतं, आणि दुपारी भरलेली टाकी दुसऱ्या सकाळपर्यंत पुरते. टाकीतलं पाणी म्हणजे साठवलेली वीजच; तिला बॅटरी लागत नाही, झीज नाही, कचरा नाही. एक टायमर आणि पाण्याची पातळी कळणारा स्वयंचलित स्विच एवढाच खर्च.

त्यानंतर इस्त्री, वॉशिंग मशीन, घरघंटी, इलेक्ट्रिक स्कूटरचं चार्जिंग. स्कूटरच्या बॅटरीत तीन-चार युनिट मावतात. घरी असलेली स्कूटर रात्री अकराला प्लगला लावण्याऐवजी दुपारी लावली तर तेवढा कोळसा थेट वाचतो. साठवणीचा गीझर असेल तर तोही दुपारी चालवून संध्याकाळच्या आंघोळीला पाणी ठेवता येतं. पहाटेच्या आंघोळीसाठी गच्चीवर जागा असेल तर सौर बंब अजूनही उत्तम. वीज तयार करून तिनं पाणी तापवण्यापेक्षा उन्हानं सरळ पाणी तापवणं केव्हाही कमी जागेत होतं.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. ‘कपडे दुपारी धुवा, इस्त्री दुपारी करा’ असा सल्ला दिला की तो बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतो. नोकरी करणाऱ्या बाईला तो शक्य नाही, आणि घरी असणाऱ्या बाईची दुपारची एवढीशी उसंतही त्यात जाते. वातावरणाचा भार तिच्या खांद्यावर सरकवणं मला मान्य नाही. त्यामुळे जे यंत्राला सांगून होतं, तेच आधी हलवा: मशीनचा ‘डिले स्टार्ट’, गीझरचा टायमर, मोटरचा स्वयंचलित स्विच, स्कूटरचं ठरलेल्या वेळेचं चार्जिंग. बाकीचं रविवारी घरातले सगळे मिळून.

रात्रीचा एसी आणि पंखे हलवता येत नाहीत. तिथे वापरच कमी करावा लागतो. जुना पंखा साधारण ७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा ३०-३५ वॉट. तीन पंखे रात्री आठ तास चालले तर एक युनिट वाचतं, आणि ते नेमकं कोळशाच्या वेळेचं युनिट असतं. गच्चीवर पॅनेलची सावली पडते त्या भागातला स्लॅब कमी तापतो. उरलेल्या स्लॅबला पांढरा उष्णतारोधक रंग दिला तर वरच्या मजल्यावरचा एसी कमी काळ चालतो.

बॅटरी बसवावी का? आपल्याकडचं साधं ग्रीडला जोडलेलं सोलर लाइट गेली की बंद पडतं, भर दुपारीसुद्धा. हा दोष नाही. लाइट गेलेली असताना तुमच्या गच्चीवरून तारेत वीज जात राहिली तर खांबावर चढलेला लाइनमन जिवाला मुकेल; म्हणून इन्व्हर्टरनं ग्रीड गेल्याबरोबर स्वतःला तोडून घ्यायचं असतं. जिथे रोज दोन-चार तास लाइट जाते, तिथे हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी घेण्यात अर्थ आहे. पुण्या-ठाण्यात, जिथे लाइट क्वचित जाते, तिथे प्रत्येक घरात बॅटरी ठेवण्यापेक्षा साठवण मोठ्या प्रमाणावर व्हावी असं माझं मत आहे. घाटघरला ती होतेच. २५० मेगावॉटचा तो प्रकल्प अकोले तालुक्यातल्या वरच्या जलाशयातून खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याच्या जलाशयात पाणी सोडून वीज करतो आणि जादा वीज असेल तेव्हा तेच पाणी परत वर चढवतो. सह्याद्रीच्या कड्यासारखी जागा यासाठी क्वचित मिळते. पण तिथे जंगल आणि वाड्यावस्त्याही आहेत, त्यामुळे तो विषय स्वतंत्र लेखाचा.

पैशाचंही सांगून ठेवतो. नेट मीटरच्या महिन्याच्या वजाबाकीत दुपारचं आणि संध्याकाळचं युनिट सारखंच धरलं जात असेल, तर वापर दुपारी आणल्यानं तुमच्या बिलात काही फरक पडणार नाही. हे आज निव्वळ पर्यावरणासाठी करायचं आहे. मात्र वारा बदलतो आहे. केंद्रानं २०२३ साली ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार वेळेप्रमाणे दर आणायचे आहेत आणि ऊन असलेल्या तासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा आहे. ज्यांना दुपारची सवय आधीच लागलेली असेल, त्यांना तो बदल जड जाणार नाही.

या आठवड्यात एवढं करा. इन्व्हर्टरच्या ॲपवर दिवसाचं उत्पादन दिसतं, नेट मीटरवर निर्यात दिसते. उत्पादनातून निर्यात वजा केली की उरतो तो तुम्ही थेट उन्हातून घेतलेला वापर. बारातले तीन असतील तर पाव हिस्सा. सात दिवस रोज संध्याकाळी हा आकडा कॅलेंडरवर लिहा, मग मोटर, मशीन आणि गीझर हलवून पुढचे सात दिवस लिहा. पाव हिस्सा निम्म्यावर येतो का पाहा.

पुढच्या लेखात सोसायट्या: सामाईक गच्ची कोणाची, सर्वसाधारण सभेत ठराव कसा करायचा, आणि सामाईक वापरासाठी मिळणारं किलोवॉटमागे १८,००० रुपयांचं अनुदान.