भरली शेते, ओसरती गावे

अमेरिकेची वारी करून आलेली मंडळी नायगाराचे आणि न्यूयॉर्कचे फोटो दाखवतात. आयोवाचे फोटो कुणी दाखवत नाही. मिसिसिपी आणि मिसुरी या नद्यांच्या मधले हे मध्य-पश्चिमेचे राज्य आकाराने महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे लहान. वस्ती मात्र २०२० च्या जनगणनेत अवघी ३२ लाख. डुकरे त्याच्या सुमारे सातपट. राजधानी डे मॉइनला माझ्या लेकीचा संसार आहे, म्हणून माझे जाणे झाले. आयुष्य बँकेत गेले, तेही बरेचसे ग्रामीण शाखांत. त्यामुळे कुठेही गेलो तरी पीक पाहताना त्यामागचे कर्जखाते आधी आठवते.

डे मॉइन हे विमा कंपन्यांचे शहर. लेक आणि जावई दोघेही त्यातच नोकरीला. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांवर उतरतो, म्हणून इमारती दुसऱ्या मजल्यावर काचबंद पुलांनी जोडल्या आहेत. कोट न घालता माणसे मैलभर हिंडून येतात. जवळच मॅड्रिड नावाचे छोटे गाव आहे. तिथे मक्याच्या शेतांच्या शेजारी हिंदू मंदिर उभे आहे. प्रसादाच्या रांगेत तेलुगू, गुजराती आणि मधूनच एखादे ठसकेबाज मराठी वाक्यही कानावर पडते.

शहर संपते ते सुरीने कापल्यासारखे. मग मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. जुन्या मोजणीने जमिनीचे एकेक मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे चौकोन पाडलेले. त्यांच्या कडेने खडीचे सरळसोट रस्ते. ओळख ना पाळख, पण समोरून गाडी घेऊन येणारा शेतकरी स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून रामराम करतो. जुलैत चौदा-पंधरा वर्षांची पोरे पहाटे बसमधून बियाण्याच्या मक्याचे तुरे खुडायला जातात. संकरित बियाणे हवे तर मादी ओळींतले तुरे काढावेच लागतात. आयुष्यातली पहिली कमाई तिथे कित्येकांनी अशीच केलेली असते. ऑगस्टात राज्याची जत्रा भरते. १८५४ साली सुरू झालेल्या या जत्रेत लोण्यात घडवलेली अख्खी गाय पाहायला आजही रांग लागते.

हे सारे पाहताना वाटते, किती सुखी मुलूख! पण गावाच्या चौकात गाडी थांबवली की चित्र बदलते. न्यायालयाची देखणी दगडी इमारत, भोवती दुकाने, आणि त्यांतली कितीतरी बंद. तीन गावांची मिळून एक शाळा. १९५० च्या सुमारास आयोवात दोन लाखांवर शेते होती. २०२२ च्या कृषी गणनेत ती सुमारे ८७ हजार उरली. एका शेताची सरासरी ३४५ एकर. आपल्याकडचा सव्वातीन एकरांचा धनी हे ऐकून हेवा करील. पण एका शेतात चार शेते विरघळतात, तेव्हा तीन घरांचे दिवे मालवलेले असतात.

यंत्रांनी माणसे कमी केली हे खरेच. मात्र मोठा घाव कर्जाचा. सत्तरच्या दशकात रशियाने धान्य उचलले, भाव चढले, सरकारने कुंपणापर्यंत पेरा असे सांगितले. जमिनीच्या किमती वाढल्या आणि वाढलेल्या किमतीवर बँकांनी कर्जे दिली. १९७९ पासून महागाई रोखण्यासाठी पैसा आवळला गेला. १९८० च्या डिसेंबरात बड्या बँकांचा मूळ दर साडेएकवीस टक्क्यांवर पोचला. त्याच वर्षी रशियाला होणारी धान्यविक्रीही सरकारने रोखली होती. आयोवात एकरी सरासरी २,१४७ डॉलर असलेली जमीन (१९८१) पाच वर्षांत ७८७ वर आली. तारण म्हणजे फेडीची कुवत नव्हे, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तिथे तो अख्ख्या राज्याने घरेदारे गमावून गिरवला.

१९८५ च्या डिसेंबरात हिल्स या गावी आणि आसपास कर्जाने पिचलेल्या एका शेतकऱ्याने पत्नीला, बँकेच्या अध्यक्षाला आणि एका शेजाऱ्याला गोळ्या घातल्या आणि मग स्वतःलाही संपवले. त्या बँकेच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेला माणूस मी डोळ्यांसमोर आणू शकतो. विदर्भातल्या एखाद्या घरापुढे उभ्या राहिलेल्या बाईलाही आणू शकतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंना माणसेच असतात.

आयोवाने पुढे जे केले, ते मला जत्रेतल्या गायीपेक्षा मोलाचे वाटते. शेतकऱ्यांसाठी १९८५ मध्येच कृषी विस्तार सेवेने दूरध्वनीची एक मदतवाहिनी उघडली; ती अजून चालू आहे. १९८६ मध्ये कायदा झाला, की ठराविक रकमेपुढच्या शेतीकर्जासाठी जमिनीवर टाच आणण्याआधी बँकेने शेतकऱ्याबरोबर मध्यस्थासमोर बसलेच पाहिजे. मध्यस्थ निकाल देत नाही, कर्ज माफ करत नाही. कागद मांडायला लावतो आणि दोघांना बोलते करतो. सगळी शेते अशाने वाचली नाहीत. पण नोटीस येण्यापूर्वी बोलायची एक हक्काची जागा झाली.

आपल्याकडे २००८, २०१७, २०१९ अशा कर्जमाफ्या झाल्या. लोकअदालतीही भरतात, पण माझ्या अनुभवात तिथे खाते पोचते ते पार थकल्यावर, आणि बोलणे होते ते रकमेवर. शेतकऱ्याच्या घरी किती तोंडे आहेत, विहिरीला पाणी आहे का, धाकट्याला नोकरी लागेल का, हे विचारायला वसुलीच्या अर्जात रकाना नसतो. तालुक्याच्या गावी एक खोली, तीन खुर्च्या आणि दोन्ही बाजूंना सक्तीने बसवणारा एक साधा नियम, याला फारसा खर्च येत नाही. कर्जमाफीच्या आकड्यांपुढे तर तो कुणाच्या लक्षातही येणार नाही.