मिरचीच्या सातऱ्यातले भौतिकशास्त्र

वाळलेल्या लाल मिरचीचे देठ जिथे खुडले जातात, त्या जागेला नागपूर जिल्ह्यातल्या कुही, मांढळ, भिवापूर या पट्ट्यात सातरा म्हणतात. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, पण सातऱ्यावर परराज्यांतून ट्रकने आलेला मालही उतरतो. ढिगाभोवती बसून देठ खुडण्याचे काम मुख्यतः बायका करतात आणि मजुरी किलोवर ठरते. नववी-दहावीच्या विज्ञानातल्या उष्णता, बल, कार्य या प्रकरणांतले बरेच काही या कामात रोज घडत असते.

सुरुवात वाळवणीपासून. पिकलेल्या ताज्या मिरचीच्या वजनात साधारण तीन चतुर्थांश पाणी असते. साठवणीच्या मिरचीत ते दहा टक्क्यांच्या आसपास आणावे लागते. १०० किलो ताज्या मिरचीत ७५ किलो पाणी धरले, तर उरलेला २५ किलो ऐवज वाळल्यावर ९० टक्के व्हायला हवा, म्हणजे हाती येते सुमारे २८ किलो मिरची. बाकीचे ७२ किलो पाणी उडून जाते. पाणी १०० अंशांनाच वाफ होते असा एक पक्का गैरसमज आहे. उकळण्यासाठी तेवढे तापमान लागते. बाष्पीभवन कोणत्याही तापमानाला पृष्ठभागावरून चालू असते. अप्रकट उष्मा मात्र दोन्हीकडे मोजावा लागतो. उकळत्या पाण्यासाठी पुस्तकात तो ग्रॅमला ५४० कॅलरी दिलेला असतो. ३० अंशांच्या आसपास तो थोडा जास्त, सुमारे ५८० कॅलरी भरतो. या हिशेबाने ७२ किलो पाणी उडवायला विजेच्या भाषेत ४८-४९ युनिट ऊर्जा लागते. हे बिल सूर्य भरतो. मिरची पातळ थरात पसरायची आणि मधूनमधून परतायची, याचे कारणही हेच: उघडा पृष्ठभाग वाढला आणि त्यावरची ओलसर हवा हलली की बाष्पीभवनाचा वेग वाढतो.

फार वाळलेली मिरची खुडताना मोडते, बी सांडते आणि मालाचा भाव पडतो. थोडी दमट मिरची मऊ राहते, देठ अलगद निघतो. त्यामुळे खुडणीला सकाळची वेळ सोयीची. डिसेंबरातल्या एखाद्या दिवशी एक घनमीटर हवेत ९ ग्रॅम बाष्प आहे असे समजू. दुपारी २८ अंशांना तेवढी हवा सुमारे २७ ग्रॅम बाष्प सामावू शकते, म्हणून सापेक्ष आर्द्रता ३३ टक्के. पहाटे १२ अंशांना हीच मर्यादा पावणेअकरा ग्रॅमवर येते आणि बाष्प तेवढेच असूनही आर्द्रता ८४ टक्क्यांवर पोचते. हवेत नवे पाणी आलेले नसते. फक्त तापमान उतरलेले असते, आणि रात्रभर उघडी राहिलेली मिरची त्या हवेतून ओलावा ओढून घेते.

हा ओलावा वजनातही उतरतो. दहा टक्के ओलाव्याची १०० किलो मिरची बारा टक्क्यांवर गेली, तर ती १०२ किलो ३०० ग्रॅम भरते. दोन टक्क्यांनी दोन किलो वाढावेत असे वाटते. प्रत्यक्षात थोडे जास्त वाढतात, कारण ओलाव्याची टक्केवारी वाढलेल्या एकूण वजनावर काढलेली असते. मिरचीच्या व्यापारात ओलाव्यावरून घासाघीस होते ती उगाच नाही.

वजनाचा काटा आता बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक असतो. त्याच्या पोटात धातूचा एक ठोकळा असतो आणि त्याला अतिशय बारीक वाहक पट्टी चिकटवलेली असते. पोत्याच्या भाराने ठोकळा डोळ्यांना न दिसेल इतका वाकतो, पट्टी ताणली जाते, तिची लांबी वाढते आणि जाडी घटते. रोध लांबीच्या सम प्रमाणात आणि काटछेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून तो दोन्ही कारणांनी वाढतो; काटा रोधातला हा बदल मोजून किलो दाखवतो. खरे तर त्याला कळते ते बल, न्यूटनमधले. ४० किलो वस्तुमानावर पृथ्वी ३९२ न्यूटन बल लावते आणि त्यावरून आकडा काढला जातो. गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवावर ९.८३ असल्याने असा काटा जिथे वापरायचा तिथल्या हिशेबाने जुळवावा लागतो. जुन्या दोन पारड्यांच्या तराजूला ही अडचण नव्हती, कारण दोन्ही पारड्यांवर गुरुत्व सारखेच चालते.

सातऱ्यात पाऊल टाकताच ठसका लागतो. तिखटपणा देणारे कॅप्सेसिन साध्या तापमानाला सहज वाफ होत नाही. घशात जाते ती मिरचीची बारीक धूळ. हातभर उंचीवरून पडलेले बी क्षणात जमिनीवर असते. धुळीच्या कणाचे तसे नाही. १० मायक्रॉनचा कण घेतला, तर हवेचा रोध त्याच्या वजनाइतका लगेचच होतो आणि पुढे तो सेकंदाला जेमतेम तीन-चार मिलिमीटर या एकसारख्या वेगाने खाली येतो. एक मीटर उतरायला त्याला चार-पाच मिनिटे लागतात. पत्र्याखालच्या तापलेल्या हवेचा अभिसरण प्रवाह याहून कितीतरी जोराचा असतो, त्यामुळे धूळ बसतच नाही. तोंडाला बांधलेल्या पदराने मोठे कण अडतात, बारीक कण आत जातातच. खुडणाऱ्या बाईला चांगला मास्क मिळाला पाहिजे, हे सांगायला यापेक्षा जास्त विज्ञान लागत नाही.

हातांची आग होते तेव्हा तापमापी लावली तर त्वचेचे तापमान फारसे बदललेले दिसत नाही. सुमारे ४३ अंशांवरच्या उष्णतेची खबर देणारा मज्जातंतूंवरचा ग्राहक कॅप्सेसिननेही चेतवला जातो. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये तो शोधून काढला आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. गरम वाटणे आणि गरम असणे यांत फरक आहे, हे मिरचीइतके झोंबून कोणी शिकवत नाही.

भरताना पोत्यातली मिरची पायाने दाबतात. वस्तुमान तेच राहून आकारमान कमी होते, घनता वाढते. एका पायावर उभे राहिले की तेच वजन निम्म्या क्षेत्रफळावर येते आणि दाब दुप्पट होतो. मग हमालाची पाळी. ४० किलोचे पोते दीड मीटर उंच ट्रकमध्ये चढवायला गुरुत्वाविरुद्ध ५८८ ज्यूल कार्य होते. तीन मीटरची फळी लावली तर, घर्षण सोडल्यास, बल निम्मे पुरते, अंतर दुप्पट होते आणि कार्य तेवढेच राहते. सपाट जमिनीवर तेच पोते डोक्यावरून पन्नास मीटर नेले तर गुरुत्वाविरुद्धचे कार्य शून्य. हे विधान कोणताही हमाल मान्य करणार नाही, आणि त्याचेही चूक नाही: भार नुसता पेलून धरण्यातही स्नायू ऊर्जा खर्च करतात. पुस्तकातले कार्य त्या पोत्यावर झालेले असते, हमालाच्या दमण्याचे ते माप नाही.

पावसाळ्यापूर्वी शिल्लक माल शीतगृहात जातो. जुलैत २८ अंशांच्या हवेत घनमीटरमागे २४ ग्रॅम बाष्प असले, तर तिचा दवबिंदू २६ अंशांच्या जवळ असतो. शीतगृहातून आठ-दहा अंशांचे पोते अशा हवेत आणून लगेच उघडले की मिरचीवर दव धरते आणि बुरशी लागते. पोते बंदच ठेवून आतला माल बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा, मगच त्याचे तोंड उघडावे.